पट्टा मोजील, पण वाचणार कोण?

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. त्यापूर्वी सरासरी दीड लाख रुपयांच्या घरात विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा त्यामुळे, कर वगळता, ५४,७२० रुपयांवर आला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि तिच्या उपचारांच्या यादीत गुडघाबदलाच्या शस्त्रक्रियेलाही स्थान मिळाले. जो उपचार एके काळी शहरांतील सुस्थितांपुरता होता, तो सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात येण्याची वाट या दोन निर्णयांमुळे मोकळी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शस्त्रक्रिया हा या उपचाराचा केवळ पूर्वार्ध होय. उत्तरार्ध घरी, अंथरुणावर आणि ओसरीवर, दहा-बारा आठवडे रोजच्या व्यायामाने पार पाडावयाचा असतो. त्या उत्तरार्धाची जबाबदारी कोणाची, याविषयी आपली धोरणे जवळजवळ मौन पाळतात. आयुष्मान भारत योजनेत रुग्ण घरी गेल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. बदललेला गुडघा मात्र पंधरा दिवसांत कामाला लागत नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी अलीकडे एका साधनाचे नाव वारंवार घेतले जाते. मांडीला आणि पोटरीला पट्ट्याने बांधावयाचे, हालचाल टिपणारे छोटे सेन्सर हे ते साधन. रुग्णाने घरी व्यायाम केला की नाही, किती वेळा केला, गुडघा किती अंशांत दुमडला, हे सारे त्यातून दूरवर बसलेल्या फिजिओथेरपिस्टला कळू शकते. डोंगराळ, विखुरलेल्या वस्तीच्या भागाला तर हे वरदानच ठरेल, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते किती आणि कोणत्या अटीवर, हे एखादे ठिकाण समोर ठेवून तपासले पाहिजे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा भंडारदरा परिसर अशा तपासणीस फार योग्य आहे.

व्यायाम हाच उपचार

गुडघाबदलानंतर वेदना कमी होते, म्हणून उपचार संपला असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटलेली असते. सांध्याभोवती जखमेचे कडक ऊतक तयार होऊ लागते. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत गुडघा नियमाने दुमडला आणि सरळ केला नाही, तर तो आखडतो. मग कित्येकदा रुग्णाला पुन्हा भूल देऊन तो सोडवावा लागतो. टाच अंथरुणावरून मागे सरकवणे, पाय ताठ ठेवून उचलणे, गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून ती दाबणे, हे व्यायाम दिसावयास अगदी साधे आहेत. पण ते दुखतात आणि कंटाळवाणे असतात. दीर्घकालीन उपचारांचे पालन विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण करतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले होते. जिथे कोणी विचारणारे नाही, तिथे हे प्रमाण वाढण्याचे कारण नाही.

शिवाय हा प्रश्न शस्त्रक्रिया झालेल्यांपुरता नाही. सांध्याची झीज झालेल्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज नसते, आणि गरज असली तरी ती लांबणीवर टाकता येते. त्यांच्यासाठी स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजनावर नियंत्रण हाच पहिला उपचार मानला जातो. या दुखण्याने त्रस्त असणाऱ्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. वर्षानुवर्षे उकिडवे बसून आणि डोक्यावर ओझे वाहून ज्यांचे गुडघे झिजले, त्यांच्यापर्यंत व्यायामाचा सल्ला नीट पोहोचला, तर कित्येक शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतील.

यंत्राला काय कळते

सेन्सरमध्ये गूढ असे काही नाही. हातातील मोबाइल आडवा धरताच त्याचा पडदा आडवा होतो, तो ज्या सूक्ष्म चकतीमुळे, त्याच जातीची चकती या पट्ट्यात असते. तिचा एक भाग त्वरण, म्हणजे वेगातील बदल, मोजतो आणि स्थिर असताना गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो; दुसरा भाग फिरण्याचा वेग मोजतो. मांडीवरची चकती मांडीचा कल सांगते, नडगीवरची चकती नडगीचा. या दोन कलांतील फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. फिजिओथेरपिस्ट हाच कोन दोन पात्यांच्या साध्या कोनमापकाने मोजतो; परंतु तो रुग्ण समोर असेल त्या दिवशीचा. पट्टा तो दररोज, प्रत्येक उठाबशीचा मोजतो. त्याचे खरे बळ या सातत्यात आहे.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. फिरण्याच्या वेगावरून कोन काढताना लहानशी चूक साचत जाते आणि ती वेळोवेळी सुधारून घ्यावी लागते. पट्टा सरकला किंवा तिरका बांधला गेला की आकडा बिघडतो. काही सेन्सर दिशेसाठी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात, ते लोखंडी खाटेजवळ गोंधळतात. यापेक्षाही महत्त्वाचे असे की गुडघा सुजला आहे, जखम लाल झाली आहे किंवा पोटरीत रक्ताची गाठ होऊन ती दुखते आहे, यांपैकी काहीही कोन मोजणाऱ्या पट्ट्याला कळत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रत्यक्ष कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवलेल्या गुडघ्याला मान्यता दिली. चाल आणि कोन यांची नोंद तो शरीरात राहून करतो. यंत्र शरीराच्या आत गेले, तरी त्या नोंदीचा अर्थ लावण्याचे काम बाहेरच्या माणसाकडेच राहिले आहे.

तुलना कोणाशी?

अशा साधनांच्या बाजूने परदेशातील प्रयोगांचे दाखले दिले जातात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांतील महत्त्वाचा. गुडघाबदल झालेल्या तीनशेहून अधिक रुग्णांचे दोन गट करून एका गटाला नेहमीची फिजिओथेरपी, तर दुसऱ्याला घरी कॅमेऱ्यापुढे, पडद्यावरील मार्गदर्शकाबरोबर व्यायाम देण्यात आला. त्यांच्या हालचाली पट्ट्याऐवजी कॅमेऱ्याने टिपल्या, एवढाच फरक. तत्त्व तेच होते. घरी व्यायाम करणाऱ्यांची सुधारणा दुसऱ्या गटाच्या तोडीची ठरली आणि बारा आठवड्यांचा खर्चही कमी आला. मात्र या रुग्णांवरही दूर बसलेल्या फिजिओथेरपिस्टची देखरेख होती, हे विसरता कामा नये.

अर्थशास्त्रात कोणत्याही खर्चाचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो असा, की हे केले नसते तर काय झाले असते? अमेरिकेत यंत्राची तुलना घरी येणाऱ्या किंवा दवाखान्यात भेटणाऱ्या फिजिओथेरपिस्टशी होती. त्याच्या भेटी कमी झाल्या, म्हणून पैसा वाचला. दुर्गम खेड्यातील रुग्णाला बहुधा घरी जाताना हाती पडतो तो व्यायामांची चित्रे छापलेला एक कागद. इथे यंत्राची तुलना त्या कागदाशी करावी लागेल. त्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की अशा ठिकाणी साधनाचा संभाव्य लाभ अमेरिकेपेक्षा मोठा आहे. कारण जिथे काहीच नव्हते तिथे काहीतरी येते. दुसरा निष्कर्ष शासनाच्या दृष्टीने कमी सुखद आहे. इथे वाचणारा पैसा सरकारी तिजोरीतला नाही, कारण तिजोरीतून तो कधी खर्चच झाला नव्हता. इथला खर्च नव्याने करावा लागेल. बचतीच्या आशेने जे सरकार पट्टे विकत घेईल, ते वर्षभरातच निराश होऊन योजना गुंडाळील.

पाण्यामागोमाग दवाखाने

भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. ११,०३९ दशलक्ष घनफूट क्षमतेच्या या जलाशयाने प्रवरेच्या खालच्या खोऱ्याचा कायापालट केला. पाण्यावर ऊस आला, उसावर लोणी-प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्या समृद्धीतून शाळा, महाविद्यालये व रुग्णालये निघाली. लोणी येथे आज वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि फिजिओथेरपीचे स्वतंत्र महाविद्यालयही आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील ही मोठी कमाई आहे, आणि तिचा कोणी हेवा करू नये. पण पाणी जिथून जाते त्या शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांच्या दृष्टीने ही सारी सोय नदीच्या दुसऱ्या टोकाला आहे. राजूर, अकोले, संगमनेर करीत लोणी गाठावयाची म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. घोटीमार्गे नाशिक त्या मानाने जवळ. तरी तोही जाऊन-येऊन एक दिवसच.

या दिवसाचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून विनामूल्य आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. तेव्हा तिकीट हा आता मुख्य अडसर राहिलेला नाही. अडसर आहे तो बुडालेल्या मजुरीचा. ताज्या शस्त्रक्रियेचा रुग्ण एकटा जाऊ शकत नाही, सोबत घरचे माणूस लागते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात जाहीर झालेला रोजगार हमीचा ३१२ रुपयांचा दर धरला, तर दोघांचे एका खेपेस ६२४ रुपये होतात. आठवड्याला एक याप्रमाणे बारा खेपांचे ७,४८८ रुपये. रुग्ण त्या काळात कामावर जाणारच नव्हता असे मानून त्याची मजुरी वगळली, तरी सोबत्याचे ३,७४४ रुपये उरतातच. गुडघा सरकारी खर्चाने बदलून मिळाला, तरी तो चालता करण्याचा हा खर्च कुटुंबाच्या माथी राहतो. मग दोन-तीन खेपांनंतर जाणे बंद होते. त्याला रुग्णाचा आळस म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो घरचा ताळेबंद असतो.

त्यात ऋतूची भर पडते. या पट्ट्यात पाऊस प्रचंड कोसळतो आणि भाताची आवणी त्या पावसातच उरकावी लागते. आवणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक धडधाकट माणूस चिखलात उभा असतो. त्या आठवड्यांत रुग्णाबरोबर नाशिकला किंवा लोणीला कोण जाणार? हे लक्षात घेतले, म्हणजे घरच्या घरी व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या पट्ट्याचे महत्त्व पटते. दर आठवड्याच्या बारा खेपांऐवजी, ज्या वेळी नोंद खरोखर बिघडली त्याच वेळी दोन-तीन खेपा पुरतील. हा लाभ रुग्णाच्या घरात पडणारा आहे, आणि कल्याणकारी राज्याने मोजावयास हवा तो हाच.

कोणत्या गुडघ्याचे अंश?

तथापि आकडा मिळाला तरी तो कशाशी ताडून पाहावयाचा, हा प्रश्न उरतोच. सपाटीवर चालताना गुडघा साठ-सत्तर अंश दुमडतो. खुर्चीवरून उठावयास नव्वदांच्या वर लागतात. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांसाठी मात्र एकशे दहापासून जवळजवळ पूर्ण दुमडीपर्यंत मजल मारावी लागते. खुर्ची, पलंग आणि कमोड यांच्या आधाराने जगणाऱ्या समाजात एकशे दहा-वीस अंशांवर पडद्यावर ‘लक्ष्य पूर्ण’ अशी अक्षरे उमटली, तर ते योग्यच आहे. पण ज्या बाईला चुलीपुढे बसावयाचे आहे, चढावरून पाण्याचा हंडा आणावयाचा आहे, बांधावरून खाचरात उतरावयाचे आहे, तिचे लक्ष्य त्याच आकड्याशी पूर्ण होत नाही. उलट बदललेल्या सांध्यावर उकिडवे बसू नये, असेच अनेक शल्यचिकित्सक सांगतात. याचा अर्थ असा, की पट्ट्याबरोबर उंच चूल-ओटा, बसावयाचे स्टूल आणि शौचालयातील उंच आसन यांचाही विचार झाला पाहिजे. या गोष्टी काही हजार रुपयांत होतात, पण त्या उपचार मानल्या जात नाहीत.

या बाबतीत आपल्या देशातच एक वस्तुपाठ आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडवला, तो बुटाशिवाय वापरता यावा, चिखलात टिकावा आणि त्यावर उकिडवे बसता यावे, या गरजांतून घडला. परदेशी पाय निकृष्ट नव्हते. ते वेगळ्या जगण्यासाठी बनले होते. हालचालीचे सेन्सर आज त्याच टप्प्यावर आहेत. त्यांच्या पडद्यावरील भाषा, व्यायामांची यादी आणि ‘सामान्य’ मानलेले अंश इथल्या माणसांच्या नोंदींवरून ठरले पाहिजेत. ज्या महाराष्ट्रात १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात झाली, त्या महाराष्ट्राला हे काम अवघड जाऊ नये.

पुस्तकपेढीसारखी पट्टापेढी

आता खर्चाचा विचार. सेन्सरमधील चकती स्वस्त असते. पैसा लागतो तो तिच्यामागील संगणकीय कार्यप्रणालीला, अचूकतेच्या चाचण्यांना, दुरुस्तीला आणि कित्येक कंपन्या आकारतात त्या मासिक वर्गणीला. प्रत्येक रुग्णाने असा पट्टा विकत घेणे हा तर शुद्ध अपव्यय होय. बारा आठवड्यांनंतर तो ट्रंकेत पडून राहणार. महाविद्यालयांतील पुस्तकपेढीचा अनुभव इथे उपयोगी पडावा. एका रुग्णाला बारा आठवडे धरले, तर एक पट्टा वर्षात चौघांच्या उपयोगी पडतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असे वीस संच ठेवले, तर वर्षाला ऐंशी रुग्णांची सोय होते. मोबाइलची रेंज सर्वत्र आणि सर्वकाळ मिळेल असे गृहीत न धरता नोंदी पट्ट्यातच साठवाव्यात, आणि त्या आठवडे बाजाराच्या दिवशी घरच्या कोणीही आणून उतरवून घ्याव्यात. बाजाराला येणे होतच असते. त्यासाठी वेगळा दिवस बुडत नाही.

खरा प्रश्न यापुढे आहे. उतरवलेली नोंद कोणी वाचावयाची? एका रुग्णाच्या आठवड्याच्या नोंदीला आणि त्याच्याशी फोनवर बोलण्याला दहा मिनिटे धरली, तर वीस रुग्णांना दोनशे मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांच्या आत-बाहेर, लागतील. एका प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचा आठवड्यातील अर्धा दिवस. पट्टापेढीचे यश या अर्ध्या दिवसावर अवलंबून आहे. तो कोणाच्या तरी कामाच्या तक्त्यात लिहिलेला आणि त्याचा मोबदला मंजूर असला पाहिजे. ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यकीय सेवा २०१९ पासून अस्तित्वात आहे. लोणीतील महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय तिच्यासारख्या मार्गाने हे काम उचलू शकेल. परंतु अर्धा दिवस मंजूर न करता वीस संचांचे थाटाने वाटप झाले, तर वर्षअखेरीस कपाटात वीस संच आणि संगणकात न वाचलेले हजारो आकडे एवढेच शिल्लक राहील.

आक्षेप आणि अटी

या विचारावर एक रास्त आक्षेप असा, की हाच पैसा यंत्राऐवजी ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट नेमण्यावर का खर्च करू नये? माणूस आणि पट्टा यांतून एकच निवडावयाचे असेल, तर निःसंशय माणूसच निवडावा. सुजलेला गुडघा हाताने चाचपणारा, रुग्णाला दटावणारा आणि धीर देणारा माणूस कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचा आहे. पण एका फिजिओथेरपिस्टला आठवड्यात घाटघर, साम्रद आणि रतनवाडीच्या घरोघर फिरणे शक्य नाही. पट्टा त्याची नजर तिथवर नेतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी माणूस, मग त्याच्या हाती साधन.

दुसरा आक्षेप आशा कार्यकर्त्यांविषयीचा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावपातळीवरील प्रत्येक नव्या योजनेचे ओझे त्यांच्याच खांद्यावर येत गेले आहे. पट्टा नीट बांधणे, तो कसा वापरावा हे दाखवणे, नोंद बिघडली तर घरी जाऊन पाहणे, ही कामे त्यांच्याकडे येणार असतील, तर त्यांचा स्वतंत्र मोबदला ठरला पाहिजे. सेवाभावाच्या नावाखाली फुकट श्रम घेण्याची सवय कधीतरी सुटली पाहिजे.

तिसरी गोष्ट नोंदींच्या मालकीची. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. रुग्णाच्या हालचालीची नोंद त्याच्या संमतीने आणि त्याच्या उपचारापुरतीच वापरली जावी. ‘व्यायाम केला नाही, म्हणून पुढील उपचार नाही’ असा निवाडा त्या आकड्यांवरून कोणत्याही विमा कंपनीला किंवा कार्यालयाला करू देता कामा नये. पट्टा एवढेच सांगतो, की मंगळवारी पाय उचलला गेला नाही. मंगळवारी नातवंडाला ताप होता, की पाणी दूरवरून आणावे लागले, हे तो सांगत नाही. ज्याला विचारणारे कोणी नाही, त्याच्यावर पाळत ठेवण्याचे साधन म्हणून हे तंत्र आले, तर ते न आलेलेच बरे.

काय करावे

यासाठी शासनाने तीन गोष्टी, याच क्रमाने, कराव्यात. शस्त्रक्रियेच्या योजनांतील पंधरा दिवसांची मुदत गुडघ्याच्या पुनर्वसनापुरती बारा आठवड्यांपर्यंत वाढवावी आणि तीत फिजिओथेरपी, सोबत्याची बुडालेली मजुरी व घरातील आवश्यक फेरफार यांचा समावेश करावा. डोंगराळ तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टचे पद निर्माण करावे आणि ते भरलेले राहील असे पाहावे. त्यानंतर अकोले तालुक्यात एक वर्ष पट्टापेढीचा प्रयोग करून त्याचे फलित, अपयशासह, प्रसिद्ध करावे. किती रुग्णांचे गुडघे आखडले, किती खेपा वाचल्या, किती जण पुन्हा कामावर गेले, हे कळल्यावाचून असा खर्च राज्यभर पसरवू नये.

२०२६ हे भंडारदऱ्याच्या धरणाच्या शताब्दीचे वर्ष. या शंभर वर्षांत धरणाखालच्या खोऱ्याला काय मिळाले याची गणती पुष्कळ झाली आहे. जलाशयाच्या काठावर राहणाऱ्यांना त्या समृद्धीतून काय परत मिळाले, हेही एकदा मोजावयास हरकत नाही. आठवड्यातला अर्धा दिवस वरच्या गावांच्या नोंदी वाचण्यासाठी देणारा एक फिजिओथेरपिस्ट, ही मागणी त्या हिशेबात फार मोठी ठरू नये.